इम्रिखचा निरोप

स्टोनी रन, पेनसिल्व्हेनिया
४ एप्रिल १९०९

ती. मामांस,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. तुमचे 'सर्वकाळ असो' माझ्यापर्यंत पोचायला महिना तरी लागेल, पण ते तुम्ही म्हणालच, असे धरून पुढे लिहितो.

मी आता कोळशातले दगड निवडायच्या कामावर नाही. आमचा मुकादम हॅगर्टी याने मला आपल्या शेजारी उभे केले आहे. तो इंग्रजीत बोलतो, मी ते आपल्या माणसांना स्लोव्हाकमध्ये सांगतो आणि त्यांचे बोलणे त्याला इंग्रजीत. तुमच्या शाळेत तीनच हिवाळे बसलो, त्यामुळे फार भीती वाटते. एखादा शब्द चुकला तर माणूस चुकीच्या बोगद्यात जाईल. म्हणून मी शब्द उतरवून ठेवतो. सध्या बोलण्याच्या शब्दांपाशी अडलो आहे. यांच्याकडे 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' असे चार शब्द आहेत. कुठे कोणता, ते ही माणसे विचार न करता ठरवतात. आपल्याकडे 'होवोरित्य' म्हणजे बोलणे आणि 'पोवेदात्य' म्हणजे सांगणे, एवढे मला खात्रीने माहीत आहे. बाकीचे कसे बसवायचे ते कृपा करून लिहावे. शिवाय हॅगर्टीच्या तोंडच्या काही गोष्टी आहेत. एकदा तो म्हणाला, 'जीभ धरा.' मी तसेच सांगितले. आपल्या गावचा इम्रिख स्वातोष पुढे आला, त्याने दोन बोटांनी जीभ धरली आणि दिवसभर तशीच धरून काम करायचे का, असे खुणेने विचारले. माणसे हसून लोळली. हॅगर्टीही हसला, पण तो का हसला ते मला कळले नाही.

इम्रिख माझ्याच खोलीत राहतो. इंग्रजी शिक म्हटले तर म्हणतो, "मला 'नो' येतं. तेवढं पुरतं." घरमालकीण पाव्लीनाकाकू माझी रोज चेष्टा करते. म्हणते, "आमचा वेंडेलिन घोरतोसुद्धा दोन भाषांत. आधी एकीत, मग दुसरीत समजावून."

एक मागणे आहे. मार्चमध्ये आपल्यातला एकजण छातीच्या दुखण्याने गेला. इथला पाद्री आयरिश. त्याने लॅटिनमध्ये प्रार्थना म्हटली आणि गेला. मृताचा निरोप म्हणायला कोणीच नव्हते. तुम्ही कसे शवपेटीच्या उशाशी उभे राहून मेलेल्या माणसाचा 'मी' आपल्या तोंडी घेता, त्याच्या वतीने बायकोला, मुलांना, शेजाऱ्यांना नाव घेऊन निरोप देता, तसे काहीच झाले नाही. म्हातारा गाश्पार रडत म्हणाला, "मुक्याला पुरल्यासारखं पुरलं रे त्याला." सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मला लिहिता येते. तुमच्याकडचा एखादा नमुना पाठवाल का?

या पत्रात चुका असतील त्या नेहमीसारख्या कळवाव्यात.

आपला आज्ञाधारक,
वेंडेलिन

•

येल्शोवा
२ मे १९०९

चि. वेंडेलिन यास,

सर्वकाळ असो, आमेन.

दोनच चुका आहेत. त्या वेगळ्या चिठ्ठीवर दाखवल्या आहेत. इतक्या लांब पत्रात दोन म्हणजे मी खूष आहे.

इंग्रजी मला येत नाही. तू दिलेल्या उदाहरणांवरून आपले शब्द जुळवून त्याच चिठ्ठीवर दिले आहेत. आपल्याकडेही बोलण्याला शब्द थोडे नाहीत बाबा. ते फक्त बाजारात वापरत नाहीत, चुलीपाशी वापरतात, म्हणून तुला आठवले नसतील. 'जीभ धरा' याला आपण 'तोंडावर कुलूप घाला' म्हणतो. इम्रिखला सांग, कुलूप घेऊन खाणीत जाऊ नकोस. त्याच्या बायकोला, व्हेरोनाला, ही गंमत सांगितली तर ती इतकी हसली की दूध उतू गेले, आणि मग म्हणाली, "तिथेही माकडचेष्टाच करतोय. पत्र लिहायला मात्र हात दुखतात." धाकट्याला दात येत आहेत, हे त्याला सांग.

निरोपाचा नमुना सोबत आहे. दोन गोष्टी लक्षात ठेव. एक, त्या वेळी तू वेंडेलिन नसतोस. दुसऱ्याचे शब्द वाहून नेताना आपला आवाज मध्ये घालायचा नाही. हे तुझ्या नव्या कामालाही लागू आहे. दुसरे, क्षमेचा भाग कधीही गाळू नकोस. "सोबत्यांनो, माझ्या हातून ज्याचे जे वाईट झाले त्याची क्षमा करा. तो दोष माझा. तो दुसऱ्या कोणाच्या माथी मारू नका, तो मी माझ्याबरोबर नेतो." ज्याने आयुष्यात मुंगी मारली नाही त्याच्याही तोंडी हे येतेच. मी दूधपित्या बाळाच्या पेटीपाशीही ते म्हटले आहे. हे म्हटल्याशिवाय मागे राहिलेल्यांना मोकळे रडता येत नाही.

प्रकृतीला जप.

तुझा मामा,
मेलिखार

•

स्टोनी रन
२७ जून १९०९

ती. मामांस,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

दोन कागद आहेत. पहिला व्हेरोनाला वाचून दाखवा. दुसरा एकट्याने वाचा आणि चुलीत घाला.

पहिला कागद.

व्हेरोना, मंगळवारी तिसऱ्या बोगद्यात स्फोट झाला. नऊजण गेले. त्यांत आपल्या गावचे पाच आहेत आणि त्या पाचांत इम्रिख आहे. हे लिहायला मी दोन दिवस लावले. मला याहून बरे लिहिता येत नाही. त्याला काही कळले नाही, जागीच गेला. त्याला स्वच्छ सदरा घातला. पाव्लीनाकाकूने हातात रोझरीची जपमाळ दिली. निरोप मी म्हटला. तुझ्यासाठी तो असा होता: "माझ्या व्हेरोना, तुझ्या हातची भाकर मी परक्या देशात रोज आठवली. आता मुलांना दोघांच्या वाट्याचे रागव आणि दोघांच्या वाट्याची माया कर." शिमोनही त्या पाचांत आहे; त्याच्या रोझालियालाही तिचा निरोप मामा वाचून दाखवतील. पाचही घरांचे निरोप मागच्या बाजूला लिहिले आहेत.

दुसरा कागद.

मामा, तो जागीच गेला नाही. त्याला वर काढून खाणीचे दिवे ठेवायच्या खोलीत ठेवले होते. दुपारपर्यंत श्वास चालू होता. मी शेजारी बसलो होतो. तिला सांगू नका.

आणखी एक. सोमवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, इम्रिख बोगद्याच्या तोंडाशी हात आडवे पसरून उभा राहिला. म्हणाला, "हवा आत वळवणारा पडदा फाटलाय. आत गॅस साठलाय. मी जात नाही आणि यांनाही जाऊ देत नाही." मी ते हॅगर्टीला इंग्रजीत सांगितले. हॅगर्टी म्हणाला, "त्याला सांग, तो फार बोलतो. ज्याला बोलायचं असेल त्याने हत्यारं उचलावी, काम सोडावं आणि वर जाऊन बोलावं." मी ते इम्रिखला सांगितले. तो हॅगर्टीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तू त्याला नीट सांगितलंस ना रे?" मी म्हटले, नीट सांगितले. मग त्याने हात खाली घेतले आणि सगळे आत गेले. दुसऱ्या दिवशीही गेले.

सोमवारी आत गेलेल्यांपैकी कोणी उरलेले नाही.

त्याच्या पट्ट्याचा दिवा मी स्वतः सोडवला. त्याचे कुलूप बंद होते. हे मुद्दाम लिहितो, कारण इथे कोणीतरी दिवा उघडून पाइप पेटवला आणि त्याने गॅस भडकला, अशी कुजबुज आहे. ६ जुलैला कोरोनरची, म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, चौकशी आहे. दुभाषा म्हणून मलाच बोलावले आहे.

थोडे चांगलेही घडले ते सांगतो. कंपनीच्या कचेरीतला प्रेंटिस नावाचा कारकून पुरताना टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उभा होता. नंतर म्हणाला, "काय होतं ते? शब्द कळले नाहीत, पण अंगावर काटा आला." इम्रिखच्या निरोपाची इंग्रजी प्रत त्याने मागितली. मी दोन संध्याकाळी बसून एक शब्दही इकडचा तिकडे न करता उतरवून दिली. तो म्हणाला की इतके सुंदर अक्षर त्यांच्या कचेरीत कोणाचे नाही.

आपला,
वेंडेलिन

•

येल्शोवा
१८ जुलै १९०९

चि. वेंडेलिन यास,

सर्वकाळ असो.

पहिला कागद वाचून दाखवला. पाचही घरांतल्या बायका शाळेतच जमल्या होत्या. मुलांच्या बाकांवर मावेनात, म्हणून जमिनीवर बसल्या. रोझालिया आणि व्हेरोना एकमेकींना धरून होत्या, कोण कोणाला सावरते आहे ते कळत नव्हते. व्हेरोनाने आपला निरोप माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, तोंडपाठ होईपर्यंत. मग म्हणाली, "भाकर आठवली म्हणाला? मी तर त्याला नेहमी करपलेली द्यायची." आणि तेव्हा रडली.

दुसरा कागद जाळला आहे.

चौकशीत जे माहीत आहे ते सांग. दुभाषा असलास तरी तू तिथे उभा होतास.

प्रेंटिसला प्रत दिलीस हे मला आवडले नाही. का, ते मला नेमके सांगता येत नाही. निरोप पेटीबरोबर जातो, तो कागदावर मागे राहत नाही.

तुझा मामा

•

स्टोनी रन
८ ऑगस्ट १९०९

ती. मामांस,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

चौकशी झाली. निकाल इंग्रजीत आहे आणि मोठा आहे, त्यामुळे सवडीने लिहीन. इथे उन्हाळा कडक आहे. पाव्लीनाकाकूच्या कोबीला कीड लागली. माझी प्रकृती बरी आहे. आपल्या इंग्रजी शब्दांचे काम सध्या बाजूला ठेवले आहे.

व्हेरोनाला नमस्कार सांगा.

वेंडेलिन

•

येल्शोवा
२९ ऑगस्ट १९०९

वेंडेलिन,

सर्वकाळ असो.

तू कोबीबद्दल लिहिलेस. निकाल आम्हाला रोझालियाच्या भावाच्या पत्रातून कळला. तो तुमच्या पलीकडच्या खाणीत आहे. लिहितो की स्फोट इम्रिखच्या दिव्याने झाला आणि त्याने मरताना ते स्वतः कबूल केले. दोष माझा, दुसऱ्या कोणाच्या माथी मारू नका, असे तो म्हणाला म्हणे. कोर्टात ते वाचले गेले आणि आपल्याच माणसांनी शपथेवर खरे म्हटले.

ते पत्र मीच वाचून दाखवले. गावात वाचणारा दुसरा कोण आहे? अर्ध्यावर माझा आवाज थांबला. रोझालिया म्हणाली, "थांबलात का? वाचा. माझा नवरा कोणी मारला ते मला ऐकू दे."

आता काय चालले आहे ते ऐक. रविवारी व्हेरोना देवळात नेहमीच्या बाकावर बसायला गेली. चौघीजणी सरकल्या नाहीत. ती मुलांना घेऊन दाराशी उभी राहिली. तिच्या मोठ्या मुलीला विहिरीवर कोणीतरी विचारले, "तुझ्या बापाच्या पाइपमध्ये तंबाखू कुठला होता गं?" गवत कापायला तिच्याबरोबर कोणी जात नाही. एकट्या बाईला डोंगरउतारावरचे गवत वेळेत घरी आणता येत नाही. ते कुजले तर गाय विकावी लागेल. आणि मुलांना हेच ऐकत याच गावात मोठे व्हायचे आहे.

पण माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. व्हेरोना संध्याकाळी माझ्याकडे आली. मला वाटले, रडेल किंवा शिव्या देईल. तिचा चेहरा मात्र जवळजवळ उजळलेला होता. म्हणाली, "म्हणजे तो बोलला. वेंडेलिन म्हणाला जागीच गेला, पण तसं नव्हतं. तो काही वेळ जिवंत होता आणि बोलत होता. मग माझ्याबद्दलही काही म्हणाला असेल. विचारा ना त्याला. दिव्याचं असू दे, माझ्याबद्दल काय म्हणाला?"

मी तिला काय सांगू?

ते शब्द मी ओळखतो. गेली कित्येक वर्षे मी ते म्हणत आलो आहे. पण मला ते तुझ्या हातचे हवे आहेत. सगळे लिही.

मेलिखार

•

स्टोनी रन
१९ सप्टेंबर १९०९

ती. मामांस,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

सगळे लिहितो.

चौकशी शाळेच्या खोलीत झाली. मला शपथ दिली, की जे बोलले जाईल तेच, तितकेच आणि तसेच दुसऱ्या भाषेत सांगेन. मी हात बायबलवर ठेवला तेव्हा मला बरे वाटले. वाटले की हे तर मला येते.

हॅगर्टीने सांगितले की त्याला गॅसबद्दल कोणीही काही बोलले नव्हते. ते मी स्लोव्हाकमध्ये आपल्या माणसांना सांगितले. माझ्या तोंडून. माझा आवाजसुद्धा कापला नाही.

मग कंपनीच्या वकिलाने एक कागद काढला. माझे अक्षर मला लांबूनच दिसले. तो मला म्हणाला, "हे तुम्ही लिहिलंत?" मी म्हटले, "हो साहेब, पण—" "हे भाषांतर बरोबर आहे?" "हो, पण ते—" कोरोनर म्हणाला, "विचारलं तेवढंच." भाषांतर बरोबर होते, मामा. एक शब्दही चुकला नव्हता.

वकिलाने ते वाचले. 'मी, इम्रिख स्वातोष' पासून 'माझ्याबरोबर नेतो' पर्यंत. मग म्हाताऱ्या गाश्पारला पुढे बोलावले आणि मी मध्ये उभा राहिलो.

"हे शब्द इम्रिख स्वातोषचे आहेत?"

"त्याचेच. दुसऱ्या कोणाचे असतील?"

"तुम्ही स्वतः ऐकलेत?"

"सगळ्यांनी ऐकले. एकाचाही डोळा कोरडा नव्हता."

"त्याने दोष स्वतःवर घेतला?"

"घेतला. भल्या माणसासारखा घेतला."

कोरोनरने विचारले, "जाण्यापूर्वी?"

गाश्पार जरा रागावला. त्याला वाटले, आपल्या रीतीबद्दल शंका घेतात. तो ताठ उभा राहून म्हणाला, "जाण्यापूर्वीच. निरोप घेतल्याशिवाय आमच्यात कोणी जात नाही."

हे सगळे मी जसेच्या तसे सांगितले. शेवटचे वाक्य सांगताना कोरोनरकडे वळलो आणि म्हणालो, "साहेब, आमच्याकडे मेल्यावर दुसराच माणूस—" त्याने हात वर केला. "दुभाष्या, हे साक्षीदार बोलला का?" मी म्हटले, नाही. "मग तू कोणाचं बोलतो आहेस?" मी पुन्हा गाश्पारच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तुम्हीच लिहिले होते की दुसऱ्याचे शब्द वाहून नेताना आपला आवाज मध्ये घालायचा नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. मला तेव्हा तेच आठवले, एवढेच सांगतो.

गाश्पार बाहेर आला तेव्हा खूष होता. आपण इम्रिखची शान राखली असे त्याला वाटत होते. पाव्लीनाकाकू पायरीवर उभी होती. ती निकाल ऐकून आली होती. म्हणाली, "म्हाताऱ्या, काय करून आलास? त्याला आज दुसऱ्यांदा पुरलंस." तो अजून विचारतो, "मी खोटं काय बोललो? वेंडेलिन, तूच सांग, एक तरी शब्द खोटा होता का?" आता तो जेवायला खाली येत नाही.

मी कोरोनरच्या कचेरीत दोनदा गेलो. तिथल्या माणसाने नोंद काढून विचारले, "कोणता शब्द चुकीचा लागला आहे?" मी म्हटले, कोणताच नाही. तो म्हणाला, "मग दुरुस्त काय करू?" मी त्याला सोमवारची गोष्ट सांगितली, पडद्याची, हॅगर्टीची, दिव्याच्या कुलपाची. तो म्हणाला की तू साक्षीदारांच्या यादीत नाहीस, तू दुभाषा होतास, आणि चौकशी मिटली आहे.

ते तुम्हाला कसे लिहू, ते कळत नव्हते, म्हणून कोबीबद्दल लिहिले.

अजूनही हॅगर्टीच्या शेजारी उभा राहतो. दुसरे काम नाही.

वेंडेलिन

•

येल्शोवा
३ नोव्हेंबर १९०९

चि. वेंडेलिन यास,

सर्वकाळ असो, आमेन.

तुझे पत्र मी कोणालाही वाचून दाखवले नाही. महिनाभर खिशात ठेवून फिरलो. कोणाला सांगायचे आणि कोण म्हणून सांगायचे? कोर्टाने म्हटले, रोझालियाच्या भावाने लिहिले, आपल्याच माणसाने शपथ घेतली. त्यापुढे मी, तुझा मामा. भाच्याची बाजू घेतो म्हणतील.

काल सर्व मृतांचा दिवस झाला. सगळे गाव हातात मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत होते. पाच घरांच्या कबरी इथे नाहीत, म्हणून त्यांनी मोठ्या क्रुसाखाली मेणबत्त्या लावल्या होत्या. चार एकत्र, आणि व्हेरोनाची बाजूला. मी मृतांची नावे घेत होतो. इम्रिखचे नाव आले तेव्हा रोझालिया मोठ्याने म्हणाली, "ते नाव माझ्या शिमोनच्या शेजारी घेऊ नका."

मी वही मिटली. क्रुसाच्या उशाशी गेलो, जिथे पेटी असती तर उभा राहिलो असतो तिथे, आणि निरोप म्हणायला लागलो. पेटी नाही, पाद्र्याची परवानगी नाही, चार महिने उलटून गेलेले. पण मी 'मी' म्हटले आणि माणसे गप्प झाली. ती सवयीने गप्प होतात.

मी म्हणालो: "मी, इम्रिख स्वातोष, तुमचा निरोप अजून पुरता घेतलेला नाही. सोमवारी मी बोगद्याच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिलो. मी म्हणालो, आत गॅस आहे. मला म्हणाले, तू फार बोलतोस. मेलो तेव्हा माझ्या दिव्याला कुलूप होते. रोझालिया, तुझ्या शिमोनला मी आत जाऊ देत नव्हतो. मी हात खाली घेतले, एवढा दोष माझा. तेवढीच क्षमा कर."

हात खाली घेतल्याचे मी घातले, कारण त्याने ते स्वतःच म्हटले असते. तू त्याला माझ्यापेक्षा अलीकडे पाहिले आहेस. चूक असेल तर कळव.

वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या. मग रोझालिया उठली. मला वाटले, माझ्या अंगावर येते आहे. ती व्हेरोनाची मेणबत्ती उचलून चौघींमध्ये घेऊन आली आणि तिथे मातीत रोवली. या बायका कोर्टाच्या कागदावर विश्वास ठेवत होत्या, कारण त्यांना सांगितले होते की इम्रिख स्वतः बोलला. काल त्यांनी त्याला माझ्या तोंडून ऐकले. आपली माणसे अशीच आहेत. ज्या रीतीने त्याला बुडवले त्याच रीतीने वर काढता आले, दुसऱ्या कशाने नाही.

आज सकाळी पाद्र्याने देवळाची किल्ली परत मागितली. म्हणाला, "मेलिखार, मेलेल्याच्या तोंडी साक्ष घालायचा अधिकार तुला कोणी दिला?" मी म्हटले की तिकडे घातली तेव्हा कोणी विचारले नाही. किल्ली दिली. शाळा वर्षअखेरीपर्यंत आहे. देवळात मी वाजवायचो तो ऑर्गन आता लोहाराचा मुलगा वाजवणार. त्याला दोनच सूर येतात.

व्हेरोना रात्रीच्या जेवणाआधी येऊन गेली. सोबत रोझालियाची मुलगी होती, ती हंडा धरून दाराशी थांबली. व्हेरोना म्हणाली, "तुम्ही त्याच्या तोंडून बोललात ते बरं झालं. भाकरीचंही तुमच्या नमुन्यातलंच असणार, ते मला आता कळलं. आता वेंडेलिनला विचारा, तो स्वतः काय बोलला. त्याचं त्याचं. एक शब्द असला तरी चालेल."

तिला खरे लिही. या वेळी दोन कागद करू नकोस.

तुझा मामा,
मेलिखार

•

स्टोनी रन
२८ नोव्हेंबर १९०९

ती. मामांस,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

एकच कागद आहे. सगळ्यांसमोर वाचा.

हात खाली घेतल्याबद्दल तुम्ही म्हटले ते चूक नाही.

तुमचे पत्र सोमवारी मिळाले. मंगळवारी बोटीवरून थेट आलेली आपली चार माणसे कामावर लागली. कपड्यांना अजून समुद्राचा वास होता. हॅगर्टीने त्यांना तिसऱ्या बोगद्यात पाठवायला उभे केले. पडदा नवा लावला आहे, पण खालून एक हात तोकडा आहे. त्यांतल्या एकाने नाक वर करून मला विचारले, "इथे गॅस आहे का हो?" मी ते हॅगर्टीला सांगितले. हॅगर्टी म्हणाला, "सांग त्यांना, नाही."

मी सांगितले, "हा म्हणतो, नाही."

मग मी थांबलो नाही. म्हणालो, "मी म्हणतो, आहे."

ते एकमेकांकडे बघू लागले. हॅगर्टीला कळले की मी त्याच्यापेक्षा जास्त बोललो. त्याने विचारले, "काय सांगितलंस?" मी त्यालाही तसेच इंग्रजीत सांगितले, दोन्ही वाक्ये, एक शब्दही न बदलता. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, "तुला कोणी विचारलं होतं?" मी म्हटले, "नाही साहेब. हे माझं मी बोलतोय."

तिघे आत गेले. त्यांनी बोटीच्या भाड्यासाठी घर गहाण टाकलेले आहे, मी त्यांना नावे ठेवत नाही. एक मागे फिरला. मला आता इथे काम नाही आणि कंपनीच्या घरांत राहता येणार नाही. पाव्लीनाकाकूने वाटेसाठी भाकर आणि डुकराच्या चरबीचा तुकडा बांधून दिला. म्हणाली, "दोन भाषांत घोरणारा गेला, आता आमची झोप कशी व्हायची?" आणि तोंड फिरवले. म्हातारा गाश्पार जिना उतरून खाली आला. मी त्याला दफनभूमीतली हकीगत वाचून दाखवली. त्याने फक्त विचारले, "म्हणजे आता त्याने नीट निरोप घेतला ना?" मी हो म्हटले. त्या दिवशी तो जेवला.

आता व्हेरोनासाठी.

व्हेरोना, मी तुला जागीच गेला असे लिहिले ते खोटे होते. तो दुपारपर्यंत होता. मी त्याच्या तोंडाशी कान लावून बसलो होतो. तो काही बोलला नाही. तुझे नाव घेतले नाही, मुलांचे नाही, देवाचे नाही. ओठसुद्धा हलले नाहीत. मी तुला एखादा शब्द बनवून देऊ शकलो असतो. मला आता तेवढे चांगले येते. पण त्याच्या तोंडी आधीच फार घातले गेले आहे.

त्याला जे बोलायचे होते ते तो आदल्या दिवशी बोलला होता. पुऱ्या शुद्धीत, मोठ्याने, हात पसरून, ज्याने ऐकायला हवे होते त्याच्या तोंडावर. ते त्याचे स्वतःचे होते. "मी जात नाही आणि यांनाही जाऊ देत नाही." नंतर त्याने मला विचारले, नीट सांगितलंस ना. मी नीट सांगितले होते. शब्द तेवढेच होते. ते तुला देतो.

वेंडेलिन